मनातले मांडे

आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस उठता उठता एक वाक्य हमखास म्हणतो. "पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. अशा वेळी काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही आणि हे वाक्य आयतं जिभेवर असतं. पण अंथरुणावर पडलेल्याच्या बाजूने ते ऐकून बघा. त्यात एक अट आहे. ठीक होणं तुझ्या पॉझिटिव्ह राहण्यावर आहे. मग नाही झालं ठीक, तर कुणाचं चुकलं?

सकारात्मक विचारांच्या प्रचाराबद्दलची माझी सगळी शंका या एका प्रश्नात मावते. हसतमुख माणसांशी माझं भांडण नाही, आणि मी या दुकानातून कधी काही घेतलं नाही असंही नाही. विशीत अशी पुस्तकं मी झपाटल्यासारखी विकत घेत होतो. मध्यंतरी कपाट आवरताना ती खाली काढली, तर एक गंमत दिसली. प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा पहिल्या तीस-चाळीस पानांवर, पुढची पानं कोरी करकरीत. मला खरंच बदलायचं होतं, की 'आता बदलणार' असं वाटण्याची ती पहिल्या संध्याकाळची धुंदी हवी होती, कोण जाणे. त्या कोऱ्या पानांचा थोडाफार अर्थ पुढे काही प्रयोगांबद्दल वाचलं तेव्हा लागला. ते प्रयोग येतीलच. आधी हे सगळं आलं कुठून ते बघू.

सुरुवात एका घड्याळजीपासून

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मेन राज्यात फिनियस क्विम्बी नावाचा एक घड्याळजी होता. मेस्मेरिझमचे, म्हणजे माणसाला तंद्रीत घालण्याचे जाहीर प्रयोग पाहून तो त्या नादाला लागला आणि लोकांवर उपचार करू लागला. करता करता त्याच्या लक्षात आलं की औषध कुठलंही सांगा, रोग्याचा विश्वास बसला की गुण येतो. त्यावरून त्याने थेट शेवटचं टोक गाठलं. रोग म्हणजे मनातली चुकीची समजूत. ती काढली की रोग गेला.

त्याच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना बरं वाटायचं, हे खरं आहे. पण त्या काळचे डॉक्टर काय करत होते तेही पाहायला हवं. रक्त काढणं, जुलाब देणं, पाऱ्याचे क्षार पोटात घालणं. अशा उपचारांतून सुटका होऊन समोर बसून शांतपणे ऐकणारा कुणी भेटला, तर अर्धा आजार तिथेच कमी होत असणार. क्विम्बीचं यश त्याच्या सिद्धांताचं किती आणि औषध न दिल्याचं किती, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

१८६२ मध्ये त्याच्याकडे मेरी बेकर एडी ही बाई रुग्ण म्हणून आली. पुढे तिने 'ख्रिश्चन सायन्स' हा पंथ काढला. क्विम्बीच्या इतर अनुयायांमधून 'न्यू थॉट' नावाची चळवळ उभी राहिली. आज आपण ज्याला 'आकर्षणाचा नियम' म्हणतो, म्हणजे जसा विचार कराल तसं तुमच्याकडे ओढलं जाईल, तो या चळवळीचाच वारसा. तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये तिची गंभीर दखल घेतली. अनेकांना तिचा फायदा होतो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण जगाबद्दलचं तत्त्वज्ञान म्हणून ती अपुरी आहे, असंही म्हटलं. कारण दुःख आणि दुष्टावा हे जगाचा खराखुरा भाग आहेत आणि ही चळवळ त्यांच्याकडे बघायलाच तयार नाही. शंभर वर्षांहून जुनी ही टीका अजून शिळी झालेली नाही.

फ्रान्समध्ये एमिल कुए या औषधविक्रेत्याला वेगळ्या वाटेने हेच सापडलं. औषधाची पुडी हातात देताना तिची तारीफ केली, तर गुण जास्त येतो. मग त्याने पुडीच वगळली आणि तारीफ तेवढी ठेवली. 'दररोज, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत आहे' हे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा पुटपुटायचं, आणि मोजायला वीस गाठी मारलेली दोरी. जपमाळच म्हणा ना. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेत त्याने धमाल उडवून दिली. आज सकाळी आरशासमोर उभं राहून जी 'अफर्मेशन्स' म्हटली जातात, त्यांचे आजोबा ते हे.

इथपर्यंत विषय तब्येतीचा होता. पैसा आला तो जागतिक मंदीच्या काळात. १९३७ मध्ये नेपोलियन हिल यांनी श्रीमंत होण्याचं रहस्य विचारांत आहे असं सांगणारं पुस्तक काढलं. हे रहस्य आपल्याला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०८ मध्ये प्रत्यक्ष भेटीत सांगितलं, असा त्यांचा दावा. कार्नेगींचे चरित्रकार डेव्हिड नासॉ यांना अशी भेट झाल्याचा कसलाही पुरावा सापडला नाही. हिल यांनी दावा केला तेव्हा कार्नेगी हयात नव्हते, त्यामुळे त्यांना विचारण्याची सोय नव्हती. मग १९५२ मध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकांचं पुस्तक आलं आणि 'पॉझिटिव्ह थिंकिंग' हे शब्द घरोघरी गेले. २००६ मध्ये आकर्षणाच्या नियमावरचा चित्रपट आणि पुस्तक एकदमच आले. त्यात तर विश्व म्हणजे एक कॅटलॉग, आपण फक्त ऑर्डर द्यायची. 'दे रे हरी खाटल्यावरी'मध्ये निदान हरीला विनवावं तरी लागत होतं.

अपेक्षा वेगळी, मनोराज्य वेगळं

आता ते प्रयोग. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. भविष्याबद्दल चांगला विचार केल्याने चांगलं भविष्य येतं का?

त्यांनी सुरुवातीलाच एक भेद केला, आणि माझ्या मते या विषयातली निम्मी गुंतागुंत त्या भेदाने सुटते. 'मला जमेल असं वाटतं' ही झाली अपेक्षा. ती मागच्या अनुभवावर उभी असते. तीन परीक्षा पास झालेल्याला चौथीही जमेल असं वाटतं, त्याला आधार आहे. 'जमलंय, लोक टाळ्या वाजवतायत, मी मंचावर उभा आहे' हे झालं मनोराज्य. त्याला आधार लागत नाही. ज्याने पुस्तक उघडलेलंही नाही तोही ते रंगवू शकतो. बाहेरून दोन्ही 'पॉझिटिव्ह'च दिसतात.

१९९१ मध्ये ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकीला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या होत्या. वजन उतरेल असं तुम्हाला कितपत वाटतं? आणि कार्यक्रम संपल्यानंतरचं चित्र डोळ्यांसमोर आणा, त्यात काय दिसतं? वर्षभराने वजनं बघितली. उतरेल अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं होतं. पण ज्यांच्या मनातलं चित्र सगळ्यात गुलाबी होतं, बारीक झालेलं अंग, कौतुक करणाऱ्या मैत्रिणी, मोहाचे पदार्थ सहज नाकारणारी मी, त्यांचं वजन कमी गुलाबी चित्र रंगवणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं होतं.

अकरा किलो! २५ जणींचा अभ्यास छोटा आहे, एवढ्यावर घर बांधू नये, हे खरंच. पण पुढे वेगवेगळ्या ठिकाणी सूर तोच लागत गेला. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांत जे नोकरीची स्वप्नं सारखी रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या आणि पगारही कमी मिळाला. खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही तसंच. बरं होऊ अशी अपेक्षा असलेले लवकर चालू लागले, चालण्याची दिवास्वप्नं पाहणारे मागे राहिले.

असं का व्हावं? २०११ मध्ये हेदर काप्पेस आणि ओटिंगेन यांनी याचं शारीरिक अंग तपासलं. यशाचं मनोराज्य रंगवायला सांगितल्यावर माणसांचा वरचा रक्तदाब उतरला. एखादं काम अंगावर घ्यायचं असतं तेव्हा शरीर कंबर कसतं, दाब थोडा चढतो. इथे उलट. शरीर सैलावलं. जणू काम झालंच आहे, आता काय राहिलं.

मराठीने ही गोष्ट कधीच दोन शब्दांत बांधून ठेवली आहे. मनातले मांडे. आपण तो वाक्प्रचार 'पोट भरत नाही' या अर्थाने वापरतो. प्रयोग सांगतात की त्याहून वाईट घडतं. पोट भरत नाही, पण भूक मात्र मरते. माझ्या पुस्तकांची कोरी पानं हीच असावीत. चाळिसाव्या पानावर मी मनाने पोहोचलेलोच होतो, मग पुढे वाचायचं कशाला?

आरशातला वाद

अफर्मेशन्सचंही असंच. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय आहे असं आपण मानतो, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

थोडा विचार केला तर यात नवल नाही. मन हे काही मुकाट श्रोता नाही. 'मी प्रेम करण्याजोगी आहे' म्हटलं की ते लगेच 'हो का? मग त्या दिवशी काय झालं होतं?' असं विचारतं. जितकं वाक्य मोठं, तितका आतला वकील तयारीने उभा राहतो. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. हे वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे नाही, या दोन्ही बाजूंचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा स्वतःबद्दल वाईट मत असलेल्यांचं मन तितकं खाली गेलं नाही. उलट-सुलट दोन्ही बोलू दिलं की वकील खाली बसतो.

'वाईट विचार मनात आणूच नका' हा सल्ला तर त्याहून निरुपयोगी. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं, आणि आलाच तर घंटी वाजवायला. घंट्या वाजतच राहिल्या. नको असलेला विचार येत नाही ना यावर लक्ष ठेवायचं, तर तो विचार ध्यानात ठेवावाच लागतो. त्यातून सुटका नाही.

मग इतक्या लोकांना गुण कसा येतो?

हा प्रामाणिक प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. 'माझं आयुष्य या पुस्तकाने बदललं' असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात.

रोमन लेखक सिसेरोने डायगोरस नावाच्या एका नास्तिक ग्रीकाची गोष्ट सांगितली आहे. त्याला एका मित्राने देवळात नेलं आणि भिंतीवरची चित्रं दाखवली. वादळात नवस बोलून सुखरूप परतलेल्या खलाशांनी ती लावलेली होती. मित्र म्हणाला, बघ, देव नवसाला पावतो. डायगोरस म्हणाला, नवस बोलून बुडाले त्यांची चित्रं कुठे लावली आहेत? दोन हजार वर्षांपूर्वीचं हे उत्तर आजच्या प्रत्येक यशोगाथेला लागू पडतं. रोज पहाटे उठून ध्येय लिहिणारा अब्जाधीश मंचावर येतो. तसंच पहाटे उठून, तसंच ध्येय लिहून ज्यांचं दिवाळं निघालं त्यांना मंचावर कुणी बोलावत नाही.

दुसरं कारण वेळेचं आहे. माणूस असं पुस्तक कधी हातात घेतो? सगळं नीट चाललेलं असताना नाही. नोकरी गेली, नातं तुटलं, झोप उडाली, म्हणजे तळ गाठला की. आणि तळ गाठल्यावर बहुतेक वेळा गोष्टी थोड्या वर येतातच. सर्दीच्या चौथ्या दिवशी घेतलेला काढा पाचव्या दिवशी गुणकारी ठरतो, तसं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. श्रेय मात्र त्या वेळी हातात जे असेल ते घेऊन जातं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते या पूर्ण व्यवहाराच्या रचनेत आहे. तुम्ही इच्छा धरली आणि ती पुरी झाली, तर नियम खरा. पुरी नाही झाली, तर तुमचा विश्वास कमी पडला, मनात कुठेतरी शंका होती. अजून झाली नाही, तर विश्व योग्य वेळेची वाट पाहतंय. आता चौथं काय घडायला हवं, म्हणजे नियम खोटा ठरेल? काहीच नाही. जो दावा कधी हरूच शकत नाही, त्याचं जिंकणंही काही सांगत नाही. औषध लागू पडलं तर वैद्याचं कौशल्य, नाही पडलं तर रोग्याचं पथ्य चुकलं, असं म्हणणारा वैद्य आपण दुसऱ्यांदा गाठत नाही. इथे मात्र पुढचं पुस्तक, पुढची कार्यशाळा, पुढची पायरी विकत घेतो. अपयशाने गिऱ्हाईक तुटत नाही, उलट पक्कं होतं. असा धंदा विरळाच.

हे सगळं निरुपद्रवी असतं तर मी इतकं लांबण लावलं नसतं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अॅरिझोनातल्या सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे याने एक शिबिर घेतलं. वर सांगितलेल्या २००६ च्या चित्रपटात तो झळकला होता. शिबिराची फी माणशी नऊ हजार डॉलरहून अधिक. शेवटच्या दिवशी पन्नासहून जास्त लोकांना वाफेने तापवलेल्या बंद तंबूत बसवलं. त्रास होऊ लागला तेव्हा शरीराचं ऐकू नका, त्याच्या पलीकडे जा, अशी शिकवण होती. तिघांचा जीव गेला. २०११ मध्ये रेला निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा झाली.

आकड्यांचा मुलामा

अलीकडे 'विश्वाची ऊर्जा' म्हणायला लोकांना थोडं अवघडल्यासारखं होतं, म्हणून त्या जागी 'संशोधन सांगतं' आलं आहे. हे संशोधन कुठून येतं याचे तीन मासले.

येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतल्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली. ही गोष्ट तुम्ही कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकली असेल. असा अभ्यास झालेलाच नाही. पत्रकारांनी शोध घेतला, विद्यापीठानेही घेतला; हाती काही लागलं नाही.

सवय २१ दिवसांत लागते. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातला. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला 'कमीत कमी' २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. तोंडातोंडी 'कमीत कमी' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, ध्यान, लवकर उठणं सगळंच आलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा मधला आकडा ६६ दिवस आला, आणि माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ पर्यंत. बाविसाव्या दिवशी 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' म्हणून व्यायाम सोडून दिलेल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिसरा मासला सगळ्यात चविष्ट. २००५ मध्ये बार्बरा फ्रेड्रिकसन आणि मार्शल लोसाडा यांनी एका प्रतिष्ठित नियतकालिकात दाखवून दिलं की माणूस बहरायचा असेल तर चांगल्या भावनांचं वाईट भावनांशी प्रमाण किमान २.९०१३ असायला हवं. चार दशांशस्थळांपर्यंत! लोकांनी त्यावर कार्यशाळा घेतल्या, पुस्तकं लिहिली. सहा वर्षांनी निक ब्राऊन या पन्नाशी ओलांडलेल्या, पूर्व लंडनमध्ये अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात हा आकडा दिसला आणि खटकला. त्याने हॅरिस फ्रीडमन आणि भौतिकशास्त्रज्ञ अॅलन सोकल यांना सोबत घेऊन गणित उघडून बघितलं. द्रव कसे वाहतात यासाठीची समीकरणं कसल्याही आधाराशिवाय माणसाच्या भावनांना चिकटवलेली होती. २०१३ मध्ये तो गणिती भाग मागे घेतला गेला. एवढ्या वर्षांत तो लेख हजारो जाणकारांनी वाचला असणार. चांगली बातमी तपासून घ्यायला कुणाला आवडतं?

याचा फायदा कुणाला, हा प्रश्न अमेरिकी लेखिका बार्बरा एरेनराइक यांनी नेटाने लावून धरला. नोकरकपात करणाऱ्या कंपन्या प्रेरक वक्ते का बोलावतात? एका मोठ्या अमेरिकी टेलिफोन कंपनीने पंधरा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं त्याच दिवशी तिथल्या कर्मचाऱ्यांना यशाच्या मेळाव्याला पाठवलं होतं, अशी १९९४ ची नोंद त्यांनी केली आहे. हिशेब सोपा आहे. नोकरी जाणं हा मालकाचा निर्णय राहिला की माणसं एकत्र येऊन जाब विचारतात. तोच प्रत्येकाच्या दृष्टिकोनाचा प्रश्न झाला की जो तो आपापल्या आरशासमोर जातो. घरभाडं, पगार, आजारपण, जन्माने मिळालेली पायरी, हे सगळं 'सबबी' या एका शब्दात गुंडाळलं जातं.

कामाला येतं ते जरा कंटाळवाणं असतं

सगळंच टाकाऊ नाही. ओटिंगेन यांनी मनोराज्याला नुसती नावं ठेवून सोडलं नाही. त्या म्हणतात, हवं ते चित्र जरूर रंगवा, पण लगेच त्याच्या शेजारी दुसरं ठेवा. आड येणारं माझ्यातलं नेमकं काय? 'परीक्षेत पहिला नंबर' या चित्राशेजारी 'रात्री फोन हातात आला की दोन तास जातात' हे चित्र. मग त्यावर एक साधी जर-तर गाठ. जर रात्री नऊ वाजले, तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. ही गाठ बांधण्याची युक्ती पीटर गोल्विट्झर यांची. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा तिचा परिणाम चांगला ठसठशीत दिसला. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी प्रेरक भाषणात कधीच येणार नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर काही वेळा कळतं की हे आपल्याच्याने होण्यासारखं नाही, आणि माणूस ते सोडून देतो. ओटिंगेन यांच्या लेखी हेही यशच आहे.

'काय काय बिघडू शकतं' याची यादी करत बसणाऱ्यांनाही एक चांगली बातमी आहे. जुली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये अशा माणसांचा अभ्यास केला. अडचणी आधी मोजून घेणं ही त्यांची तयारी करण्याची रीत असते, त्यातून ती काळजी कामाला लावतात. 'तुझं छानच होणार' असा धीर दिल्यावर त्यांची कामगिरी घसरली. घरातल्या अशा माणसाला 'तू नेहमी निगेटिव्हच बोलतोस' म्हणण्याआधी हे आठवावं. तिकिटं घेतलीत का, हे सहसा तोच विचारतो.

आणि पुस्तकांनाही सरसकट झोडपायला नको. सौम्य ते मध्यम नैराश्यात वर्तन-विचार उपचारपद्धतीवर आधारलेल्या स्वाध्याय पुस्तकांचा उपयोग होतो, हे नियंत्रित चाचण्यांत दिसलं आहे. ती पुस्तकं 'चांगला विचार करा' सांगत नाहीत. 'हा जो विचार आला, त्याला पुरावा काय?' असं विचारायला शिकवतात, आणि हा प्रश्न वाईट विचारालाही विचारतात, चांगल्यालाही. तक्ते भरावे लागतात. पेन्सिल शेवटच्या पानापर्यंत चालवावी लागते.

पुन्हा त्या अंथरुणाशी

'पॉझिटिव्ह राहिल्याने कॅन्सर बरा होतो' या समजुतीला विज्ञानाचा जो टेकू दिला जातो, तो बहुतेक वेळा एकाच अभ्यासाचा असतो. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारांच्या जोडीला ज्या स्त्रिया गटात बसून बोलत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी १८ महिने जास्त जगल्या. गंमत म्हणजे मनाच्या ताकदीबद्दलच्या अतिरंजित दाव्यांना छेद मिळेल, अशी स्पीगल यांची स्वतःची अटकळ होती. निकाल उलटा आला आणि जगभर गाजला.

तो टिकला नाही. २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तीच पद्धत वापरली. आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये स्पीगल यांनी स्वतः पुन्हा करून बघितलं, १२५ स्त्रियांवर. तरी नाही. त्याच वर्षी जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कॅन्सरचे १,०९३ रुग्ण तपासले. मनःस्थिती चांगली असणं आणि जास्त जगणं यांचा काही संबंध दिसला नाही.

एरेनराइक यांना २००० मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला होता. रुग्णांच्या एका मंचावर त्यांनी आपला संताप लिहिला, उपचारांबद्दलचा, विमा कंपन्यांबद्दलचा, सगळीकडच्या त्या गुलाबी रिबिनींबद्दलचा. उत्तरादाखल त्यांना सांगण्यात आलं की तुमची वृत्ती बरोबर नाही, आधी समुपदेशकाकडे जा. आजार आहेच, वर तो हसत सोसण्याची ड्यूटी.

गुडविन यांच्या अभ्यासातली एक बाजू मात्र वाचायची राहून जाते. आयुष्य वाढलं नाही, पण गटात बसणाऱ्या स्त्रियांना मानसिक त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या. ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या, त्यांना सर्वांत जास्त. आता त्या गटांत काय चालायचं? स्पीगल यांच्या पहिल्या अभ्यासापासून पद्धत तीच होती. भीती वाटते असं म्हणायचं. राग आला असेल तर तो बोलायचा. घरच्यांशी जे बोलता येत नाही ते, मरणाबद्दलसुद्धा, इथे बोलायचं. गटातली एखादी गेली तर उरलेल्यांनी मिळून रडायचं. आठवड्यातून एकदा, दीड तास.